मोहरी थांबत नाही

पौषातली सकाळ होती. जीपच्या खिडकीची काच खाली होईना म्हणून ड्रायव्हरनं ती कायमचीच काढून टाकली होती, आणि मी गमजा नाकापर्यंत ओढून, मंठ्याहून गावाकडे निघालो होतो. नाल्याच्या वळणावर आमचं वावर दिसतं. तिथं हरभरा उभा आहे हे मला माहीत होतं. पण हरभऱ्यात जागोजागी पिवळे तुरे डोलत होते. चार इथं, दहा तिथं, बांधाच्या कडेला तर दाटीच. पंगतीत बिनबोलावलेले पाहुणे घुसून बसावेत आणि वर त्यांनीच ऐटीत पाणी मागावं, तसे.

शेजारी एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी सांगितलं, "मावशी, बघा, माझ्या थोरल्या भावाची मोहरी."

"हरभऱ्यात का पेरली?"

"पेरली न्हाई. आपलीआपण उगवली."

"मंग भाऊ उपटत का न्हाई?"

मला प्रत्येक प्रश्नाला उत्तर देता येतं. नसलं तर बनवता येतं. त्या दिवशी गमजा आणखी वर ओढून घेतला.

माझा धंदा आवाजाचा आहे. मंठ्यात माझं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे आणि लग्न कुणाचंही असो, माईक माझ्याच हातात असतो. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन जल्दी स्टेजवर यावं, भात थंड होऊन राह्यला आणि नवरदेव गरम!" असं म्हटलं की मांडव हसतो. जत्रेत कुस्त्या लागल्या की पडलेल्या पैलवानाचंही असं वर्णन करतो की तो माती झटकत माझ्याच पाया पडायला येतो. खरं सांगायचं तर मी साधा निरोप कधी साधा दिलेलाच नाही. आमच्या घरात बोलण्याचा सगळा वाटा माझ्याकडे आला आणि ऐकण्याचा सगळा अण्णांकडे गेला.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडिलांच्या मेंढ्या होत्या. अण्णांचं बालपण कळपामागं गेलं आणि नुसत्या घंटीवरून कोणती मेंढी लंगडून राह्यली ते त्यांना कळायचं. पुढं मेंढ्या गेल्या, काळी कोरडवाहू जमीन राहिली, एक विहीर राहिली, आणि अण्णांचे कान पिकांकडे वळले.

आमच्याकडे रब्बीत करडई. तिची बोंडं काटेरी आणि दाणा त्या काट्यांच्या आत घट्ट बसलेला. करडई वाळत आली की वाऱ्यात वाजते. आधी मऊ, कापडासारखी. मग कोरडी, पत्रावळीसारखी. अण्णा बांधावर उभे राहून डोळे मिटायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागं तसेच डोळे मिटून उभे, एकमेकांना चिमटे काढत. "अजून वली बोलती," ते म्हणायचे. "चार दिवस जाऊ द्या." चार दिवसांनी पुन्हा डोळे मिटायचे. "आता वाजली." की दुसऱ्या दिवशी उजाडायला विळे लागले. दवानं काटे नरम असतात तोवर कापायची, ऊन चढलं की थांबायचं. आजूबाजूच्या बांधांवरूनही लोक त्यांना विचारायला यायचे. ते चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

"करडई मालकाची वाट बघती," असं ते म्हणत. आणि ते खरंच होतं. पार खडखडीत वाळली तरी ती दाणा सोडत नाही. मालक आजारी असो, परगावी असो, ती मूठ मिटून उभी.

पण साठी उलटली आणि अण्णांचे हात गेले. काट्यांनी तळव्यांना भेगा पडलेल्या, त्यांत पुन्हा काटे. मजूर करडई म्हटलं की हात जोडायचे. "अण्णा, तूर सांगा, हरभरा सांगा, हे काटेरी काम न्हाई." पुण्याहून अण्णांचा मुलगा संतोष दिवाळीला आला. मागच्या सुगीत आईला एकटीलाच विळा चालवताना बघून गेल्यापासून त्याच्या मनात ते सलत होतं. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, एक साल बघू. यंदा तुमच्या दोघांच्या हातानं पीक निघालं तर मी पुन्हा बोलणार न्हाई. न्हाई निघालं तर वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर द्यायचं आन् तुमी दोघांनी पुण्याला यायचं."

जेवताना अण्णांनी भाकरी दोनदा कुस्करली आणि दोनदा बाजूला ठेवली.

तेव्हा तोंड उघडलं मी. दुसरं कोण उघडणार? "अण्णा, मोहरी लावा. काटा न्हाई, कुसळ न्हाई. नवरीच्या हातानं कापावी असं पीक!" तालुक्याच्या शेतकी कार्यालयातल्या एक तरुण मॅडम तेव्हा गावोगाव मोहरीचं बियाणं देत फिरत होत्या. मी अर्ज भरला, माझाच फोन नंबर लिहिला, कारण अण्णांचा फोन बंद करून पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेला असायचा. बियाणं घेऊन मी असा गावात शिरलो जशी वरात आणली.

पेरणीच्या दिवशी पहिली गंमत. तिफणीच्या चाड्यात बी सोडताना अण्णांची मूठ म्हणजे मापच. ज्वारी असो की करडई, बोटांतून दाणा मोजून सुटायचा. पण मोहरीचा दाणा तो केवढा! गोल, गुळगुळीत, पाऱ्यासारखा पळणारा. अर्धा तास गेला नाही तोच मूठ रिकामी. अण्णा तळव्याकडे बघत राहिले. "हिला धरायचं कसं?" वहिनी हसून हसून बांधावर बसल्या. "तुमाला मलाच धरून ठेवायला जमलं न्हाई नीट, हिला काय धरता?" मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणं चाळलेलं शेणखत बियाण्यात मिसळलं, तेव्हा कुठं दाणा जमिनीत बेतानं पडू लागला. खोलही नाही, बोटाच्या दोन पेरांइतका.

उगवली ती केसांसारखी दाट. विरळणी करावी लागते, नाहीतर काड्या बारीक राहतात. अण्णांना उगवलेलं रोप उपटणं जिवावर आलं. वहिनी पुढं होऊन उपटत गेल्या आणि उपटलेल्या पाल्याची भाजी महिनाभर आमच्या दोन्ही घरांत शिजली. जराशी झणझणीत, नाकात जाणारी. अजून थंडी पडली की ती चव जिभेच्या मागच्या बाजूला येते. मी मंठ्याच्या बाजारात तसला पाला शोधतो. मिळत नाही.

आणि मग फुलं आली.

मी आयुष्यात हजार मांडव सजवले असतील. झेंडू, शेवंती, प्लास्टिक, लायटिंग. पण त्या पौषात आमच्या दोन एकरांनी मला गप्प केलं, म्हणजे निदान पाच मिनिटं. चार पाकळ्यांचं साधं फूल, त्याचं काय एवढं! पण लाखो एकदम उघडली की सकाळचं ऊन वरून पडत नव्हतं, वावरातून वर येत होतं. त्यात मधमाश्यांचा असा एकसुरी गुंजारव, की अण्णा डोळे मिटून तासन्‌तास उभे. मोहरी खालून वर फुलत जाते. खालच्या फुलांच्या शेंगा धरतात तेव्हा मधे फुलं असतात आणि शेंड्याला अजून कळ्याच. अण्णांना त्याचं फार नवल. "बघ बापू," मला म्हणाले, "एकाच काडीवर नातू बी हाय आन् आजा बी."

ढगाळ दोन दिवस आले आणि शेंड्यांवर माव्याची कीड चढली. चिकट, राखी, दाट. मी फवारणी पंप घेऊन भरदुपारी हजर. अण्णांनी हात धरला. "माश्या जेवून राह्यल्या. जेवणाऱ्याला उठवू न्हाई." संध्याकाळी माश्या परतल्यावर त्यांनी स्वतः फवारलं. मॅडम नंतर म्हणाल्या की त्या हेच सांगणार होत्या. अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवसांत माझ्या अंगात खोडी शिरली. मी गावात निरोप धाडला की पिवळं वावर बघायला उद्या कलेक्टर साहेब येऊन राह्यले. वहिनींनी अण्णांचं धोतर धुऊन वाळवलं, गुलाबी फेटा काढला. सकाळी दहापासून अण्णा बांधावर ताठ उभे. निम्मं गाव मागं. बारा वाजता मी मोटारसायकलवरून आलो, गळ्यातला हार काढून अण्णांच्या गळ्यात घातला आणि ओरडलो, "कलेक्टर साहेब, स्वागत आहे!" मग अण्णा असे हसले की फेटा सुटला. डोळ्यांतून पाणी. "लबाड हाय हा! बिलकुल खरं बोलत न्हाई!" पुढं महिनाभर गाव त्यांना कलेक्टर म्हणायचं आणि ते खुशीत हात वर करायचे. इतके हसलेले अण्णा मी त्याआधी पाहिले नव्हते. ते हसू मी माझी कमाई समजत होतो.

माघात दुकानात मॅडमचा फोन आला. मी एका मुलीकडच्या लोकांशी स्टेजच्या रंगावर वाद घालत होतो.

"काका, तुमच्या भावांना आजच सांगा. शेंगा पाऊणएक पिवळ्या झाल्या की कापायची. शेंडा हिरवा दिसला तरी कापायची. सकाळी, दवात. मग ढीग लावून वाळू द्यायची. उभी वाळवू नका. करडईसारखी ही थांबत नाही. वाळली की शेंग आपोआप फुटते. सांगाल ना?"

"सांगतो म्हणजे काय मॅडम, जाहीर करतो!"

आणि मी जाहीरच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं अण्णा दहा-बारा माणसांत बसले होते. एवढे कान समोर असताना मी साधं कसं सांगू? दगडावर चढलो, मुठीचा माईक केला.

"सूचना! सूचना! समस्त गावकरी मंडळींना कळवण्यात येतं, की आपल्या मोहरीबाई उपवर झालेल्या आहेत! अंगानं पिवळ्या, शेंड्याला हिरव्या, हाच मुहूर्त! मालकांनी विळा घेऊन दवाच्या टायमाला मांडवात हजर व्हावं! उशीर झाला तर मोहरीबाई कुणाचं न ऐकता वावरातच पळून जातील, मंडप कमिटी जबाबदार राहणार नाही!"

चावडी हसून लोळली. अण्णाही हसले. "हिरवी कापायची म्हणतो! आन् कापायला कोण, कलेक्टर येऊन राह्यले का?" पुन्हा हशा.

मी काय करायला पाहिजे होतं? दगडावरून उतरून, त्यांच्या शेजारी बसून, हळू आवाजात म्हणायला पाहिजे होतं, अण्णा, हे खरं आहे. एवढंच. पण टाळी मिळाली होती. टाळी मिळाल्यावर खाली उतरून तीच गोष्ट साधी करून सांगायची, हे आमच्या धंद्यात बसत नाही. चहा पिऊन मी निघालो. घनसावंगीकडे लागोपाठ तीन लग्नं होती.

अण्णा मात्र बांधावर जात राहिले. डोळे मिटून ऐकत राहिले. वहिनींनी नंतर मला सांगितलं, रोज म्हणायचे, "अजून वली बोलती." दिवस उकाड्याचे सुरू झाले, दुपारचं वारं सुटलं. अण्णा त्या एका कोरड्या आवाजाची वाट बघत होते, जो त्यांना पन्नास वर्षं करडईनं दिला होता.

आठव्या दिवशी मांडवात अक्षता वाटून होत असताना वहिनींचा फोन आला. "भावजी, जल्दी या."

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वावराकडून आवाज येत होता. तट्. तट्तट्. तट्. कुणी बारीक बोटं मोडावीत तसा, सगळीकडून. पिकात शिरलो तर शेंगांची दोन्ही टरफलं गळून पडलेली आणि काडीवर उरलेला तो मधला पडदा. शेंगेच्या आत असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. दाणा गेला की तेवढा राहतो. दोन एकरभर ते रिकामे पडदे उन्हात चकाकत होते. माझ्यासारख्या माणसाला ते सुंदर दिसलं, हे सांगायची मला लाज वाटते.

अण्णा खाली बसले होते. दोन्ही हातांनी माती गोळा करून सुपात टाकत होते. काळी जमीन फाटलेली, भेगा मनगट जाईल एवढ्या, आणि काळा दाणा काळ्या मातीत. हात लावला की माती हलायची आणि होते ते दाणेही भेगेत. तरी ते गोळा करत होते. वहिनी थोड्या अंतरावर पदर तोंडाला लावून उभ्या.

"अण्णा, उठा."

"वाजली," ते म्हणाले. वर बघितलं नाही. "आज सकाळी वाजली. मी विळा आणायला घरी गेल्तो."

ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर नाही. संतोष आला तेव्हा त्याला काही म्हणायची वेळच आली नाही. अण्णांनीच पिशवी भरून ठेवली होती. वावर मिलिंदला बटईनं दिलं. मिलिंद आमच्याच गावचा, मेहनती पोरगा. जाताना अण्णांनी त्याला विहिरीची कोणती बाजू ढासळते तेवढं दाखवलं.

आता दोन वर्षं झाली. पुण्याला ते चौथ्या मजल्यावर राहतात. फोनवर विचारलं, काय ऐकू येतं तिकडं, तर म्हणतात, "लिफ्ट."

मी स्वतःचा खटला स्वतःच पुष्कळदा चालवला आहे. वकील मी चांगला आहे. निरोप दिला की नाही? दिला. सगळा दिला? शब्दन्‌शब्द. साक्षीदार? आख्खी चावडी. दर वेळी निर्दोष सुटतो, आणि दुकानाचं शटर उघडताना पुन्हा पकडला जातो.

तर यंदाची ही मोहरी. भेगांत पडलेले दाणे सगळे एकदम उगवत नाहीत. खोल गेलेले अंधारात झोपून राहतात आणि नांगरानं वर आले, ओल मिळाली की साल-दोन सालांनी डोकं काढतात, असं मॅडम सांगतात. मी जीपमधून उतरलो तो थेट वावरात गेलो. मिलिंद खुरपं घेऊन त्यांचाच समाचार घेत होता.

"मिलिंद, थोडी राहू दे."

"काका, हरभऱ्यात हरभरा सोडून जे उगवलं ते तण."

"बांधाकडची तरी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पुढं काहीतरी विनोद करीन म्हणून थांबला असावा. मी केला नाही. "बांधाकडची राहू देतो," तो म्हणाला.

मग महिनाभर मी दर दोन दिवसांनी जीप पकडून तिथं जात होतो. दुकानातली पोरं म्हणत, शेठचं गावात काय चाललंय? मी शेंगा बघत होतो. निम्म्या पिवळ्या झाल्या. मग निम्म्याहून जास्त. शेंडे हिरवेगार. जीव सांगत होता, चार दिवस थांब, अजून भरतील. नाही थांबलो. उजाडायला गेलो, चप्पल दवानं भिजली, आणि विळा असा धरला की मिलिंद म्हणाला, "काका, तो माईक न्हाई." कापली. दुकानाच्या गच्चीवर मांडवाच्या जुन्या कापडावर वाळत घातली, काठीनं बडवली, पाखडली. बुंदीचा लहान डबा भरला, तेवढीच. डबा घेऊन पुण्याला गेलो.

अण्णा गॅलरीत खुर्चीवर होते. वाळले आहेत. मी आलो म्हणून त्यांना बरं वाटलं. डबा मी गुपचूप वहिनींच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं, दाणे बोटानं हलवले आणि मला काहीच न विचारता कढईत तेल ठेवलं.

तेल तापलं. मोहरी पडली आणि तडतडली. नवी मोहरी जरा मोठ्यानं बोलते.

गॅलरीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"ही कुठली?"

"आपल्या वावरातली. आपलीआपण उगवल्ती."

"कधी कापली?"

"पाऊणएक पिवळी असताना. शेंडा हिरवा होता. दवात."

अण्णांनी मान हलवली. बाहेर लिफ्टचं दार लागलं. कढई शांत झाली होती.

"तू सांगितल्तं," ते म्हणाले.

"अण्णा, सांगितल्तं, पण जसं सांगायचं तसं..."

"तू सांगितल्तं. मी हसलो." स्वयंपाकघराच्या चौकटीला त्यांनी हात टेकला. तळव्यावरच्या भेगा आता भरून आल्या आहेत, हात मऊ झाला आहे. "मी हसलो, बापू."

दोन वर्षं मी समजत होतो की ते ओझं माझं एकट्याचं आहे. वहिनींनी गॅस बंद केला.

"तसंच म्हण बरं एकदा," अण्णा म्हणाले.

"काय?"

"चावडीवर म्हणल्ता ते. सूचना."

मी मूठ तोंडाशी नेली. सूचना, सूचना. आवाज पहिल्यांदाच माझं न ऐकता कुठंतरी घसरत गेला. समस्त गावकरी मंडळींना कळवण्यात येतं. चार माणसं मावणार नाहीत एवढं ते स्वयंपाकघर. अंगानं पिवळ्या, शेंड्याला हिरव्या. अण्णांनी डोळे मिटले होते. बांधावर मिटायचे तसे. ते हसले नाहीत. मालकांनी विळा घेऊन दवाच्या टायमाला हजर व्हावं. उशीर झाला तर, असं म्हणून मी थांबलो, आणि उरलेलं सांगून टाकलं.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "बराबर हाय. उद्या कापू."